नानांच्या वहीतलं पुणे

बुधवार

मिरजेहून पुण्याला जायचं तर कोयना एक्स्प्रेसनं. महालक्ष्मीनं रात्रीत झोपून जाता येतं, दिवस वाचतो, सगळं मान्य. पण आमच्या घरातला ‘सवाई’ला, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला, जाणारा माणूस कोयनेनंच जायचा आणि खिडकी धरून बसायचा. तो माणूस म्हणजे नाना, माझे वडील. ते मिरज जंक्शनला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. फाल्गुनात ते गेले. दिवाळीचा फराळ संपत आला तेव्हा आई एकदम म्हणाली, “यंदा सवाईला मी जाणार आहे. तू येतेस, की एकटी जाऊ?”

आई आजवर सवाईला कधीच गेलेली नव्हती. नाना मात्र चुकवत नसत. आजी अंथरुणाला खिळलेली, मग आमच्या सहामाही, मग धाकट्याची बारावी. घरी कुणीतरी थांबायलाच हवं, आणि ते ‘कुणीतरी’ म्हणजे कोण यावर कधी चर्चा झाली नाही. नानांना ते बोचत नव्हतं असं नाही. पण बोचतं म्हणून त्यांनी जायचं सोडलंही नाही. दोन्ही खरं आहे, आणि एरवी बायकामुलांत इतक्या गुंतलेल्या माणसाबद्दल हे लिहिताना मला जरा अवघडल्यासारखं होतंय.

रेल्वेच्या पासावर आता आईचं नाव पहिलं. तिनं तो दोनदा उघडून पाहिला आणि पर्समध्ये ठेवला. किर्लोस्करवाडी, कराड, सातारा. साताऱ्याला पेढे घ्यायचे नाहीत असं ठरलं होतं, घेतले.

ही लाइन म्हणजे नानांच्या दृष्टीनं किराणा घराण्याचा नकाशा. घराणं उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचं. पण अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व हुबळीच्या पुढच्या कुंदगोळचे. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी गदगचे. “सगळी माणसं रेल्वेच्या बाजूची,” असं नाना अभिमानानं सांगत, जणू रूळ त्यांनीच टाकले. खाँसाहेबांचा शेवटही रेल्वेतला. १९३७ साली पाँडिचेरीला जाताना छातीत दुखू लागलं म्हणून ते सिंगपेरुमल कोइल नावाच्या लहानशा स्टेशनात उतरले आणि फलाटावरच गेले. भीमसेनजी अकराव्या वर्षी गुरू शोधायला घरातून पळाले, ती गोष्ट सांगताना नाना ‘विनातिकीट’ या शब्दावर मुद्दाम थांबत. मग म्हणत, “पुढे भारतरत्न झाले, म्हणून दंड माफ.”

शिंदवण्याच्या घाटात बोगदे सुरू झाले तेव्हा आईनं पिशवीतून वही काढली. वही कसली, रद्द झालेल्या पार्सल रजिस्टरातली कोरी पानं दाभणानं शिवून केलेलं बाड. वर छापील रकाने तसेच. ‘कोठून’ खाली गाणाऱ्याचं नाव, ‘मालाचा तपशील’ खाली राग, आणि शेवटी ‘शेरा’. पानाच्या तळाशी त्या दिवशीचा खर्च. एका पानावर मी बोट ठेवलं:

“मारवा. शेरा: ऋषभावर फार वेळ उभे राहिले, षड्ज दिसू दिला नाही. उत्तम. तबला वरचढ. कॉफी २. बेबीला स्वेटर, लाल, ४५. हिच्या बांगड्या राहिल्या, माप घरी विसरलो.”

बेबी म्हणजे मी. तो स्वेटर मला आठवतो, गळ्याशी टोचायचा.

गुरुवार

उतरलोय आत्याकडे, सदाशिव पेठेत. नानाही तिथंच उतरायचे. तेव्हा वाडा होता, आता त्याच जागी चार मजली इमारत आहे आणि लिफ्ट आत्याच्या मते वाड्यातल्या जिन्यापेक्षा जास्त वेळा बंद असते.

सकाळी रमणबागेत गेलो. शाळा चालू होती, त्यामुळे फाटकाबाहेरूनच दर्शन. न्यू इंग्लिश स्कूल म्हणजे १८८० साली चिपळूणकर-टिळकांनी काढलेली शाळा. पण आमच्या घरात रमणबाग म्हणजे शाळा नव्हे, मांडव. गुरूंच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी १९५३ साली महोत्सव सुरू केला आणि पुढे कित्येक वर्षं तो याच मैदानावर भरत होता. रात्ररात्र गाणं, थंडीत शाली, घोंगड्या, मफलर; तिकीट न मिळालेले लोक बाहेर फुटपाथवर सतरंजी टाकून. नाना सुरुवातीची वर्षं त्या फुटपाथवरचेच. आईनं फुटपाथ नीट पाहून घेतला. तिथं आता दुचाक्या लावलेल्या होत्या. “इथं बसायचे म्हणजे कुठं?” तिनं विचारलं. मला तरी काय माहीत. मग तिनंच एका झाडाखालची जागा ठरवून टाकली आणि आम्ही पुढे निघालो.

रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम आला आणि रात्रभराच्या मैफली संपल्या. नाना कायद्याच्या बाजूचे होते. शाळेजवळच्या म्हाताऱ्यांना झोप नको का, म्हणायचे. पण त्यांच्या वहीत त्या सुमारास एक शेरा आहे: “मालकंस आता जेवणाआधी उरकावा लागणार.”

बेडेकरांची मिसळ खाऊन घरी आलो तर आत्यानं पोह्यांचा घाट घातलेला. खाता खाता ती सुरू झाली. दादाला केवढा नाद होता गाण्याचा, आबांनी नोकरीला लावलं म्हणून, नाहीतर आज दादा कुठल्या कुठे असता; संसारासाठी, भावंडांसाठी त्यानं गाणं सोडलं. हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. नाना गेल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं हे म्हटलं, आणि दहाव्या दिवसापर्यंत नानांचा त्याग बराच वाढला होता.

आई पोह्यातली मिरची बाजूला काढत म्हणाली, “वन्सं, त्याग कसला? गळाच नव्हता त्यांना.”

आत्याचा चमचा थांबला.

“खरंच सांगते. मिरजेत एका बुवांकडं जात होते की वर्षभर. बुवांनी गायला लावलंच नाही, नुसता तंबोरा लावायला बसवलं. कान होता हो, सोन्यासारखा कान होता. पण ‘सा’ लावला की गल्लीतली कुत्री उठायची. त्यांनाही ठाऊक होतं. हसायचे स्वतःवर.”

“वहिनी, तुम्ही म्हणजे अगदी...” आत्या म्हणाली, आणि मग तीही हसायला लागली, कारण तिलाही तो ‘सा’ आठवला असणार. पुढचा अर्धा तास दोघी नानांच्या गाण्याची नक्कल करत होत्या. मला वाटतं, सुतकानंतर घरात नानांबद्दल इतकं मोकळेपणानं कुणी बोललं नव्हतं. त्यागमूर्तीबद्दल फार बोलता येत नाही, नमस्कार करून उठावं लागतं.

संध्याकाळी मुकुंदनगर. महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर हा भलामोठा मांडव, दोन्ही बाजूंना पडदे, खाण्याचे स्टॉल, पुस्तकांचे स्टॉल. आमची तिकिटं भारतीय बैठकीची. आई मांडी घालून बसली, दहा मिनिटांनी पाय लांब केले, पुढच्यानं वळून पाहिलं, तिनं परत मांडी घातली. पहिल्या दिवशी तिनं काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही; ती माणसंच बघत होती. कोण कधी दाद देतं, कोण गाणं चालू असताना वडा खातं. “हा खाकरणारा माणूस ह्यांनी कधी सांगितला नव्हता,” एवढंच म्हणाली.

शुक्रवार

सकाळी केळकर संग्रहालय. धाकटा हिंजवडीहून सुट्टी काढून आला होता, त्याला म्हटलं चल. दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं त्यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्यं जमवली आणि १९६२ साली सगळं सरकारला देऊन टाकलं. संग्रहालयाचं नावच राजा दिनकर केळकर: आधी मुलाचं, मग बापाचं. लोक मस्तानी महाल बघायला गर्दी करतात. आम्ही वाद्यांच्या दालनात थांबलो.

मिरज तंतुवाद्यांचं गाव, त्यामुळे तंबोऱ्याचं आम्हाला अप्रूप नाही. पण इथं काचेआड तारा सैल सोडलेली वाद्यं बघून आई जरा चुटपुटली. मिरजेतून सतारी-तंबोरे देशभर जायचे ते नानांच्या ऑफिसातून. वाळलेल्या भोपळ्याचं ते वाद्य, पेंढ्यात गुंडाळून लाकडी खोक्यात भरलेलं; जरा आपटलं की तडा. नाना हमालांना सांगत, “आत भोपळा आहे रे, बाळंतिणीसारखं उचला.” हळदीच्या पोत्यांवर तंबोऱ्याचं खोकं कुणी टाकलेलं त्यांना खपत नसे. रोज घरी येत ते अंगाला हळदीचा वास घेऊनच. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात मोठी बातमी आली. नानांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “आता तरी पार्सलवाले नीट उचलतील.”

ड्यूटी नसली की ते सतारमेकर गल्लीत कुणाच्या तरी ओट्यावर बसून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, ऐकत. तार घोडीवरून जाते तिथं खाली सुताचा एक धागा सरकवतात. केसभर पुढे-मागे केला की आवाज बंद तरी होतो किंवा फुलतो. ते जागा सांगायचे, कारागीर सरकवायचा. असा तुकडा सूत त्यांच्या पाकिटात कायम असे. घरात त्याचा उपयोग वेगळाच. बटण शिवायला, माझी वेणी बांधायला, आणि एकदा आईच्या हाताचं माप घ्यायला. वहीत पुढच्या वर्षीची नोंद आहे: “तुळशीबाग. बांगड्या, सुताच्या मापानं. बरोबर बसल्या पाहिजेत.”

बसल्या का, धाकट्यानं विचारलं.

“मोठ्या झाल्या,” आई म्हणाली. “सूत ताणलं गेलं असणार. पण घातल्या मी.”

दुपारी तुळशीबागेत गेलो, गर्दीत चेंगरून परत आलो. संध्याकाळी आईचे गुडघे दुखत होते, मांडवात गेलोच नाही. आत्यानं खिचडी केली.

शनिवार

आजचा दिवस नीट लिहायला हवा.

नाना सवाईहून परत आले की एक ठरलेला कार्यक्रम असे. पहाटे घरी, अंघोळ, आणि मग स्वयंपाकघरात पाट घेऊन बसणं. आई पोळ्या लाटायची आणि नाना मैफल सांगायचे. अमक्यानं पूरिया कसा उघडला, मंद्रातल्या निषादावर किती वेळ घालवला, तबलजीनं कुठं खोडी काढली, समेवर कोण कसं पडलं. मध्येच गाऊन दाखवायचे, म्हणजे तो त्यांचा भयंकर ‘सा’. मग म्हणायचे, “असं नाही, हे माझं झालं. मूळ असं की...” आणि हातानं हवेत रेघ काढून दाखवायचे. आम्ही दप्तर भरत असायचो. आकाशवाणी पुणे केंद्रही सवाईच्याच वर्षी, १९५३ मध्ये सुरू झालं. पण आमच्या घरातलं खरं केंद्र त्या पाटावर. रेडिओवर काही लागलं की ते आईला विचारत, “ओळख.” ती कणीक तिंबत ओळखायची. चुकली की ते रागावत नसत, पुढच्या खेपेला तोच राग दुसऱ्या कुणाचा तरी ऐकवत.

आज चारच्या सुमारास आम्ही बैठकीत जागा धरली. शेजारी एक पुणेरी गृहस्थ, गळ्यात मफलर, मांडीवर कार्यक्रमपत्रिका, कलाकारांच्या नावांपुढे त्यांनी पेन्सिलीनं खुणा केलेल्या. ते दर दोन मिनिटांनी आम्हाला माहिती देत होते. आम्ही मिरजेच्या म्हटल्यावर “अरे वा, म्हणजे अगदी तीर्थक्षेत्रच!” म्हणाले आणि माहिती देणं चालूच ठेवलं.

सूर्य कलला होता. एक तरुण गायिका येऊन बसली. मागे दोन तंबोरे, ती स्वतःच वळून लावू लागली. खुंट्या पिळणं, मणी सरकवणं, ‘हॅलो, मॉनिटर’. लोक या वेळात चहाला उठतात. आई पुढे वाकून ऐकत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं माणसांकडे बघणं सोडलं.

“पहिली तार पंचमाची नाही लावली,” ती हळूच म्हणाली.

मला काही कळलं नाही.

“निषादाची लावलीय. म्हणजे गाण्यात पंचम नाही. आणि वेळ ही. पूरिया नाहीतर मारवा.”

शेजारच्या गृहस्थांनी पेन्सिल खाली ठेवली. “आपण गाता का?” त्यांनी विचारलं.

“छे,” आई म्हणाली. “पोळ्या करते.”

पूरियाच निघाला. मी गृहस्थांकडे पाहिलं, ते आईकडे पाहत होते, आणि त्यानंतर त्यांनी आम्हाला एकही माहिती दिली नाही. उलट मध्यंतरात स्वतः जाऊन आईसाठी कॉफी घेऊन आले.

विलंबित चालू असताना आईनं डोळे मिटले होते. तिची उजव्या हाताची बोटं मांडीवर एकतालाच्या मात्रा मोजत होती. मी गाण्याकडे कमी आणि त्या बोटांकडे जास्त लक्ष दिलं. हे सगळं तिनं एकही मैफल न पाहता मिळवलेलं होतं, एका बेसूर माणसाकडून. नानांना गाता आलं असतं तर ते बहुधा मैफलीनंतर कुठल्या तरी गावी मुक्कामाला राहिले असते आणि पाटावर येऊन बसले नसते. असं मला वाटतं. आत्याला पटणार नाही.

गाणं संपल्यावर मी विचारलं, “कसं झालं?”

“चांगली गाते पोरगी. तयारी आहे.” जरा थांबून ती म्हणाली, “पण ह्यांनी सांगितलेला पूरिया जास्त चांगला होता.”

“नाना गायचे त्याहून हे वाईट?”

“गायचे नाही गं, सांगायचे. सांगताना त्यात खाकरणारी माणसं नसायची. आणि नको ते वगळायचे.”

मग एकदम चिडून म्हणाली, “पण एकदा तरी आणायला हवं होतं मला. आजी काही एका दिवसात मरत नव्हती.” मी काही बोलले नाही. कॉफी गार झाली होती, ती तिनं एका घोटात संपवली.

रविवार

सकाळी धाकट्यानं हौसेनं मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात नेलं. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नाना इथं खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या शोधत यायचे. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं, तेवढ्यात अख्खा झिंझोटी उभा करायचा. वहीत दर वर्षी एक ओळ: “जुना बाजार. नाही.” एका वर्षी: “मिळाली, पण चिरलेली. तरी घेतली.” आम्हाला चिरलेलीही मिळाली नाही. शोभेचे नवे चकचकीत भोंगे मात्र ढिगानं. आईनं एक पितळी झारा घेतला आणि घासाघीस करून वीस रुपये कमी केले.

शेवटच्या दिवशी मैफल दुपारीच सुरू होते. आज बैठकीत मांड्यांना मांड्या लागलेल्या. आई आता सराईत झाली होती. पाठीला उशी, पायांवर शाल, डब्यात पेरूच्या फोडी तिखटमीठ लावून. मफलरवाले गृहस्थ स्वतःहून आमच्याजवळ येऊन बसले आणि तंबोरा जुळायला लागला की आईकडं बघायचे. दोनदा तिनं बरोबर ओळखलं. एकदा म्हणाली, “मला काय विचारता, पुढच्या मिनिटाला कळेलच की.”

सगळ्यात शेवटी सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात, ‘बिन देखे परे नाही चैन’, भैरवीतली ठुमरी. मांडवातले दिवे, गुंडाळायला घेतलेल्या सतरंज्या, पार्किंगची घाई, आणि वरून तो बारीक, खरखरीत, कित्येक दशकांपूर्वीचा आवाज. काही लोक निघाले होते, काही उभे राहिले होते. नाना उभे राहणाऱ्यांतले. नंतर स्टँडकडे पळायचे, पण आधी ही तबकडी संपू द्यायचे; त्यापायी एकदा मिरजेची गाडी चुकली, तेही वहीत आहे, दंडाच्या रकमेसारखं अधोरेखित करून.

आई उभी राहिली नाही. गुडघे. बसल्या बसल्या तिनं सगळं ऐकलं आणि मग मला म्हणाली, “हात दे.”

सोमवार

पुणे स्टेशनवर धाकटा, त्याची बायको आणि पोरगा पोचवायला आले होते. पोरगा तीन वर्षांचा, फलाटावर पळत सुटलेला. गाडीला अवकाश होता. आईनं बाकावर बसून वही उघडली, मागच्या एका कोऱ्या पानावर रकाने तसेच छापलेले. ‘मालाचा तपशील’ खाली तिनं पूरिया लिहिलं. ‘शेरा’ खाली बराच वेळ काही नाही, मग: “बैठक गैरसोयीची.” तळाशी खर्च: कॉफी, रिक्षा, झारा. रिक्षाचा आकडा तिनं मला दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा “लुटतात” म्हणाली.

“पुढच्या वर्षी खुर्चीचं तिकीट काढ रे,” ती धाकट्याला म्हणाली. “तीन काढ. मी, ताई आणि हिला,” असं म्हणून तिनं सुनेकडे बोट दाखवलं.

“आणि मी?”

“तू पोराला सांभाळ.”

“अगं, मग मी कधी ऐकायचं?”

“ही घरी येऊन सांगेल की,” आई म्हणाली. “तू तोवर पोळ्या लाट.”